भिंगांच्या कारखान्यातली गॉगलगाय

ताईला घाई कधी जमलीच नाही. लहानपणी शाळेची घंटा व्हायची, धाकटी भावंडं धावत फाटकातून आत जायची आणि ताई रस्त्याच्या कडेला बसून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत असायची, कारण पहिली गाठ तिच्या मनासारखी बसलेली नसायची. जेवायला बसली की बाकीच्यांची ताटं धुऊन व्हायची तरी हिचा अर्धा भात शिल्लक. मधल्या भावाने तिचं नाव गोगलगाय ठेवलं. पुढे ताई कॉम्प्युटर शिकली आणि तिला नोकरी लागली ती नेमकी चष्म्याची भिंगं बनवणाऱ्या कारखान्यात. ते ऐकून भावाला असा आनंद झाला, जणू नोकरी त्यालाच लागली. त्या दिवसापासून गोगलगायीची गॉगलगाय झाली. त्याची पोरंसुद्धा फोनवर "गॉगलआत्या आहे का घरी?" असं बिनदिक्कत विचारायची.

नवरा मिळाला तो अगदी उलट. त्याचं ड्रायक्लीनिंगचं दुकान. गिऱ्हाईक पिशवीतून कोट बाहेर काढेपर्यंत डाग कशाचा आणि तो निघणार की नाही, हे सांगून मोकळा व्हायचा. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "थांबा, विचार करून सांगते," आणि खरोखरच विचार करत बसली. शेवटी होकार द्यायला ती स्वतः दुकानात गेली तेव्हा तो इस्त्री हातात धरून बघतच राहिला.

"मला वाटलं, तू विसरलीस!"

"विसरले नव्हते," ताई म्हणाली, "विचार संपत नव्हता."

कारखान्यात मात्र ती कुणाची गोगलगाय नव्हती. तिथे लहानथोर सगळ्यांची ती ताईच. गावाच्या टोकाला, बसडेपोच्या मागे एका लांबलचक जुन्या गोदामात हा कारखाना होता. चष्म्याच्या दुकानांमधून तिथे ऑर्डरी यायच्या. कुणाचा लांबचा नंबर, कुणाचा जवळचा, कुणाचे दोन्ही. प्रत्येक चष्म्यासाठी एक प्लास्टिकचा ट्रे. त्यात फ्रेम, दोन कोरी भिंगं आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी. तो ट्रे पट्ट्यावरून घरंगळत या टेबलावरून त्या टेबलावर जायचा. एक मशीन भिंग घासायचं, दुसरं पॉलिश करायचं, तिसऱ्या खोलीत डोक्याला टोप्या घातलेली माणसं त्यावर ओरखडे न पडणारा लेप चढवायची आणि शेवटी ते फ्रेमच्या मापात कापलं जायचं. कुठल्या भिंगाला किती घासायचं हे मशीनला सांगायचं काम कॉम्प्युटरचं, आणि कॉम्प्युटर सांभाळायचं काम ताईचं नि मामांचं.

मामा म्हणजे कुणाचेच मामा नव्हते. आधी ते इथे इलेक्ट्रिशियन होते. छतातून कुठली वायर कुठे जाते हे त्यांना पाठ होतं, म्हणून मालकांनी त्यांना ताईच्या हाताखाली दिलं. खिशात कायम शेंगदाणे. माणूस अबोल, पण दाणे चघळायचा वेग वाढला की ताईने ओळखावं, कुठेतरी काहीतरी बिघडलंय.

त्या दिवशी सकाळी मामांच्या तोंडात दाणे नव्हतेच. ते वरच्या मजल्यावर ताईच्या टेबलाजवळ येऊन नुसते उभे राहिले.

"ताई, घासायच्या हॉलमधून फोरमन बोंबलतोय. मशीनला नंबर मिळत नाहीत म्हणे."

"थांबा, बघू," ताई म्हणाली आणि सवयीप्रमाणे चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. सगळ्या ऑर्डरी जिथे साठवलेल्या असायच्या ते पान उघडलं. फायली होत्या, पण त्यांची नावं भलतीच झालेली. ती बघत होती तेवढ्यात आणखी एका फाइलचं नाव बदललं. मग तिच्या खालच्या फाइलचं. मग तिच्याही खालच्या. मुंग्यांची रांग साखरेच्या डब्यात शिरावी तसं काहीतरी तिच्या डोळ्यांदेखत यादीतून खाली खाली सरकत होतं.

आणि ताई पळाली.

ही गोष्ट कारखान्यात नंतर इतक्यांनी इतक्या वेळा सांगितली की ज्यांनी पाहिलं नव्हतं तेही पाहिल्याच्या थाटात सांगू लागले. लिफ्टची वाट न बघता ती जिन्यावरून धडाधडा खाली आली. एक चप्पल मधल्या वळणावर राहिली. तळमजल्यावरच्या वायरींच्या खोलीत घुसून तिने निळ्या वायरी मूठभरून धरल्या आणि वाफ्यातले मुळे उपटावेत तशा उपटल्या. मागोमाग आलेल्या मामांनी दुसरं कपाट धरलं.

"ऑफिसात ओरडून सांगा," ती धापा टाकत म्हणाली, "कॉम्प्युटर बंद करू नका म्हणावं. फक्त वायरी काढा! कुणी काही बंद करायचं नाही, कुणी काही सुरू करायचं नाही!"

मामा कधी नव्हे ते ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज न ऐकलेली माणसं त्या आवाजानेच घाबरली आणि मुकाट्याने वायरी काढू लागली. थोड्या वेळाने पट्टा थांबला. मशीनं थांबली. एरवी घरघरीत बुडालेल्या त्या हॉलमध्ये नळ गळतोय हेसुद्धा पहिल्यांदाच ऐकू आलं.

ऑफिसातल्या निम्म्याअधिक पडद्यांवर तोवर एकच मजकूर आला होता. तुमच्या सगळ्या फायली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर अमुक ठिकाणी पैसे भरा, उशीर केलात तर रक्कम दुप्पट. भाषा अगदी अदबीची. वर "आपल्या सहकार्याबद्दल आभार" असंही लिहिलेलं. फोरमनने ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. "चोर मेला आभार मानतोय!"

सगळे कँटीनमध्ये जमले. धाकटे साहेब, म्हणजे कारखाना उभा करणाऱ्या मालकांचा मुलगा, येरझाऱ्या घालत होते. माणूस मनाने चांगला, पण अंगात कायम मुंग्या असल्यासारखा. एका कोपऱ्यात ऑर्डरींच्या टेबलावर बसणारी वहिनी हुंदके देत होती. फोनवरच्या तिच्या गोड आवाजामुळे दुकानदार तिला वहिनी म्हणायचे आणि मग सगळा कारखानाच म्हणायला लागला. त्या दिवशी सकाळीच तिने एका अनोळखी मेलबरोबर आलेलं बिल उघडायला घेतलं होतं. ते उघडलंच नाही, पडदा एकदा लुकलुकला आणि मग हे सगळं.

"म्हणजे हिच्यामुळे!" पॅकिंगच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं. बऱ्याच माना एकदम तिकडे वळल्या.

"थांबा," ताई म्हणाली. तिच्या एका पायात अजून चप्पल नव्हती. "कुणामुळे झालं ते आपल्याला आत्ता माहीत नाही. मला माहीत नाही म्हणजे तुम्हालाही माहीत नाही. वहिनी, तू मला लगेच सांगितलंस, काही लपवलं नाहीस, ते फार बरं केलंस. आता डोळे पूस. तुझ्याकडे आज सगळ्यात जास्त काम आहे."

"माझ्याकडे? माझा तर कॉम्प्युटरच बंद!"

"फोन आहे ना? सगळ्या दुकानांना फोन कर. आमच्याकडे असं असं झालंय, चष्मे उशिरा मिळतील, आणि आमच्या नावाने काही मेल आला तर उघडू नका, एवढंच सांग. पाल्हाळ लावायचा नाही आणि खोटंही बोलायचं नाही."

"खरं सांगायचं?" धाकटे साहेब येरझाऱ्या घालता घालता थांबले. "बाजारात अब्रू जाईल, ताई."

"चष्मे वेळेवर गेले नाहीत की कळणारच आहे, साहेब. आपल्या तोंडून कळलेलं बरं."

साहेबांनी खुर्ची ओढली, बसले, पुन्हा उठले. "पैसे भरून टाकू या का? बुडाले तर बुडाले, सुटलो तर सुटलो."

"पोलिसांत कळवू या. या कामातला माहीतगार माणूस बोलावू या. पैसे देऊन किल्ली मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी चोर घरातच बसलेला असेल. तो कुठून आला हे कळल्याशिवाय मी एकही मशीन सुरू करणार नाही." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि संध्याकाळी सगळ्यांनी घरी जायचं. मीसुद्धा."

"घरी?" साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "अहो, इथे आग लागलीय!"

"आग विझलीय. आता जळकं उपसायचं काम आहे, ते चांगले काही आठवडे चालेल. झोपलेला माणूस चुकीचं बटण दाबत नाही, साहेब. पेंगुळलेला दाबतो."

खरं सांगायचं तर ताईची तेव्हा आतून पाचावर धारण बसली होती. कारण सगळ्या फायलींची रोजची नक्कल ज्या मशीनवर ठेवली जायची ते मशीन तिने कँटीनमध्ये येण्याआधी पाहिलं होतं, आणि तिथेही तोच अदबीचा मजकूर होता. चोरट्यांनी आधी नक्कलच गाठली होती. हे तिने कँटीनबाहेर मामांना हळूच सांगितलं. मग त्यांनी खिशातले दाणे काढले.

"ताई, ती दर आठवड्याला जोडायची डिस्क आहे की."

"मामा, तिचा जोडायचा तुकडाच तुटलाय ना? नवा यायचाय."

"तेच तर. तुटला तेव्हापासून ती जोडलेलीच नाही. माझ्या कपाटात आहे. टॉवेलात गुंडाळून ठेवलीय."

ताईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मामा लाजले.

पण तिने डिस्क लगेच जोडली नाही. साहेब दारात उभे राहून "जोडा ना, जोडा ना" करत होते, तिने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या वायरींना कधी न लागलेला कोरा करकरीत कॉम्प्युटर बाजारातून आणवला. तुटलेला तुकडा मामांनी कथलाचा डाग देऊन बसवला. शहरातून आलेले तपासनीस, म्हणजे तो माहीतगार माणूस, शेजारी बसले. बुटके, टक्कल पडलेले, दर तासाला ग्लासभर गरम पाणी पिणारे. त्यांनी सांगितलं, "आधी हिची एक नक्कल करा. मूळ डिस्कला हात लावू नका. नकलेवर काय खेळायचं ते खेळा."

"मीही तेच म्हणणार होते," ताई म्हणाली.

"मग आपलं जमेल," तपासनीस म्हणाले.

नक्कल व्हायला दुपार झाली. साहेब, फोरमन आणि वहिनी काचेच्या दारापलीकडे उभे. ताईने एक ऑर्डर उघडली. उघडली! नाव, नंबर, फ्रेमचं माप, सगळं जिथल्या तिथे. दुसरी उघडली. जुनी एक उघडली. मशीनला भिंग कसं घासायचं ते सांगणारी सगळी गणितंही शाबूत. काचेपलीकडे फोरमनने वहिनीच्या पाठीवर अशी थाप मारली की ती खोकायला लागली. ताईने मात्र शांतपणे सांगितलं, "मधले काही आठवडे यात नाहीत. ते आपल्याला हाताने भरून काढावे लागतील. पण मुळं वाचलीत."

साहेबांच्या जिवात जीव आला. पैसे भरायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. "शाबास!" ते म्हणाले. "काय दूरदृष्टी!"

"कसली दूरदृष्टी, साहेब. तुकडा तुटला म्हणून वाचलो. नाहीतर ही डिस्कही तेव्हा जोडलेली असती."

मामा मान खाली घालून दाणे सोलत होते. गालातल्या गालात हसू मात्र त्यांना लपवता येत नव्हतं.

आता प्रश्न आला, आधी काय सुरू करायचं? साहेबांना हिशेबाचा कॉम्प्युटर हवा होता, फोरमनला घासायची मशीनं, पॅकिंगवाल्यांना पत्ते छापायचं यंत्र. प्रत्येकाचं म्हणणं, माझ्यावाचून सगळं अडलंय. ताईने कुणाशीच वाद घातला नाही. तिने ऑर्डरींच्या टेबलावरून एक ट्रे उचलला, कुणा अनोळखी माणसाच्या काळ्या फ्रेमचा, आणि तो हातात धरून चालायला लागली. प्रत्येक टेबलापाशी थांबून विचारायची, "हा ट्रे इथे आला. आता तुम्हाला कॉम्प्युटरकडून काय लागतं? आणि ते नसेल तर काय कराल?"

साहेब मागे मागे चालत होते. तिच्या वेगाने चालताना त्यांचे पाय एकमेकांत अडकत होते. पण तिसऱ्या टेबलापर्यंत तेही ऐकायला लागले. निम्म्याहून जास्त चष्मे साध्या एका नंबरचे असतात, त्यांची तयार भिंगं कपाटांत पडून असतात आणि ती नुसती फ्रेमच्या मापात कापावी लागतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण कापायची दोन जुनी हातयंत्रं कोपऱ्यात ताडपत्रीखाली धूळ खात पडलीत हे ते पार विसरले होते. फोरमनने ताडपत्री ओढली, तिघे चौघे शिंकले.

"चालवता येईल?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या वडिलांनी मला यावरच शिकवलं," फोरमन म्हणाला. "शिव्या देत देत शिकवलं. शिव्याही पाठ आहेत."

त्या दुपारी पहिला चष्मा हाताने कापून तयार झाला. चिठ्ठीवरचा नंबर, तपासायच्या छोट्या दुर्बिणीतून दिसणारा नंबर, दोन्ही दोघांनी वेगवेगळे पाहिले, मगच तो पुडक्यात गेला. पत्ता वहिनीने हाताने लिहिला. तिचं अक्षर इतकं सुरेख होतं की एका दुकानदाराने फोन करून विचारलं, "ही नवी छपाई कुठे करून घेतलीत?"

ज्या चष्म्यांना घासकाम लागायचं, एकाच भिंगात लांबचा नि जवळचा नंबर असलेले, ते मात्र रांगेत थांबले. आणि त्या रांगेत ताईच्या सासूबाईंचा ट्रे होता.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. जुना चष्मा आता उपयोगाचा नव्हता, नवा कारखान्यात अडकलेला. त्यामुळे घरात त्या मिठाला साखर आणि साखरेला मीठ म्हणत होत्या. "सूनबाई चष्म्याच्या कारखान्यात," त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "आणि सासू चाचपडतेय!"

"आई, तुमच्या पुढे बरेच जण आहेत रांगेत."

"मग मला जरा पुढे सरकव. कोण बघतंय?"

"सगळेच बघतायत," ताई म्हणाली. "आणि आता कुणालाच काही झटपट करायची सवय लागू द्यायची नाहीये मला."

नवऱ्याने मध्येच तोंड घातलं. "आई, हिने लग्नाला होकार द्यायला किती वेळ घेतला ते तू पाहिलंयस. चष्मा त्यापेक्षा लवकर मिळेल." सासूबाईंना हसू आवरेना. ते दोन-तीन आठवडे सकाळचं वर्तमानपत्र नवऱ्याने आईला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि तेही इतक्या भरधाव की म्हातारी म्हणायची, "अरे, बातमी आहे की शर्यत?" शेवटी वाचायचं काम ताईवर आलं. तिच्या वाचण्यावर मात्र सासूबाई खूश होत्या. आंघोळीला जायच्या आधी एक पान आणि जेवल्यावर एक, असं ताई सावकाश वाचायची. दोघींमध्ये इतकं बोलणं आधी कधी झालं नव्हतं.

इकडे तपासनिसांनी चोराचा माग काढला. एका बिघडलेल्या कॉम्प्युटरला त्यांनी मुद्दाम तसाच ठेवायला लावलं होतं. त्याच्या पोटातून नोंदी काढून त्यांनी ताईला आणि मामांना समोर बसवलं. वहिनीच्या मेलचा यात काही संबंध नव्हता. ते बिल नुसतंच बिघडलेलं, खऱ्याच दुकानाचं होतं. चोर आले होते दुसऱ्याच दाराने. लेप चढवायचं मशीन बसवलं तेव्हा ते मशीन विकणाऱ्यांना दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून एक वाट उघडून दिली होती. काम झालं, माणसं गेली, वाट तशीच उघडी राहिली. पासवर्ड तर असा, की मशीनवर रंगवलेलं नावच. चोर त्या वाटेने आत येऊन कित्येक दिवस गुपचूप हिंडत होते.

"ती वाट मी उघडली," मामा हळूच म्हणाले.

"आणि बंद केली का हे बघायचं काम माझं होतं," ताई म्हणाली.

ती तशीच उठून साहेबांच्या खोलीत गेली आणि जसं होतं तसं सांगितलं. साहेब ऐकत राहिले. टेबलावर बोटं वाजवणं थांबलं.

"म्हणजे मी तुम्हाला ओरडायला पाहिजे," ते म्हणाले.

"ओरडा."

साहेबांनी प्रयत्न केला, पण त्यांना सूर लागेना. शेवटी ते म्हणाले, "त्या मशीनच्या वेळी दुरुस्तीवाल्यांची घाई कुणी लावली होती, आठवतंय? मीच. आज संध्याकाळपर्यंत झालंच पाहिजे म्हणून तुमच्या दोघांच्या डोक्यावर बसलो होतो." मग उठून दार उघडलं. "चला. वहिनीला आधी सांगू या. ती बिचारी अजून डबा खात नाहीये धड."

वहिनीला सांगितलं तेव्हा ती पुन्हा रडली, पण हे रडणं वेगळं होतं. त्या दिवशी कँटीनमध्ये ज्याने "हिच्यामुळे" म्हटलं होतं तो पॅकिंगवाला दुपारी तिच्या टेबलावर न बोलता कॉफीचा कप ठेवून गेला.

त्यानंतरचे आठवडे म्हणजे नुसती हमाली. एकेक कॉम्प्युटर पुसून कोरा करायचा, नव्याने भरायचा, तपासायचा आणि मगच वायरीला लावायचा. सगळ्यांचे पासवर्ड नवे. आधी ऑर्डरी, मग घासायची मशीनं, मग पत्ते, आणि साहेबांचा हिशेब सगळ्यात शेवटी. मधल्या आठवड्यांच्या ऑर्डरी भरून काढताना वहिनीच्या नाकी नऊ आले. काही दुकानांनी सगळं चोख परत पाठवलं. एकाने आपल्या गिऱ्हाइकांऐवजी घरच्या किराण्याची यादी पाठवली. वहिनीने त्याला फोन करून गोड आवाजात विचारलं, "साहेब, दोन किलो साखरेला लांबचा नंबर लावू की जवळचा?" एका म्हाताऱ्या दुकानदाराने मात्र फोनवरच एकेक नंबर सांगितला, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तब्येतीच्या बातमीसह. वहिनीने सगळं ऐकून घेतलं.

घासायचं पहिलं मशीन पुन्हा सुरू व्हायच्या दिवशी हॉलमध्ये सगळे गोळा झाले. ताईने तपासनिसांना विचारलं, मामांना विचारलं, स्वतःच्या मनाला विचारलं आणि मगच बटण दाबलं. मशीनने क्षणभर विचार केला, पांढऱ्या पाण्याची चिळकांडी उडाली आणि घरघर सुरू झाली. पहिलं भिंग बाहेर आलं. फोरमनने ते दुर्बिणीखाली धरलं. सगळे श्वास रोखून.

"चुकलंय," फोरमन म्हणाला.

साहेबांचा चेहरा पांढराफटक.

"थांबा हो," तो घाईने म्हणाला, "भिंग बरोबर आहे. मीच उलटं धरलंय."

त्याला त्या दिवशी हॉलभर सगळ्यांनी धुतलं. मशीन मात्र थांबलं नाही. रांग पुढे सरकत गेली आणि योग्य वेळी सासूबाईंचा ट्रेही निघाला. नवा चष्मा घालून त्यांनी पहिल्यांदा सुनेकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "बारीक झालीस की गं!" नंतर मुलाकडे पाहिलं. "तू नाही झालास."

या गोष्टीला आता बराच काळ लोटला. कारखान्यात नक्कल ठेवायच्या जागा वाढल्या, त्यातली एक कायम कुलपात, वायरीपासून लांब. ठरलेल्या दिवशी ताई आणि मामा ती उघडून खरंच चालते का ते करून बघतात. बाहेरच्या कुणासाठी वाट उघडली की काम संपताच ती बंद केली का, हे एक उघडणारा आणि एक न उघडणारा, दोघं मिळून तपासतात. ताई वर्षातून दोनदा सगळं कॉम्प्युटरचं काम मुद्दाम बंद ठेवायला लावते. आज दुपारपर्यंत कॉम्प्युटर नाही, असं समजा. मग फोन, हातयंत्रं, चिठ्ठ्या, सगळा बाजार.

पहिल्या वेळी लोकांनी तोंडं वाकडी केली होती. आता त्या दिवसाची वाट बघतात. वहिनी त्या दिवशी ठेवणीतला पेन घेऊन येते. मामा टेबलाटेबलावर शेंगदाणे वाटतात. फोरमन हातयंत्रावर बसून नव्या पोरींना कापायला शिकवतो, तेही शिव्या न देता, निदान मोठ्याने नाही. मागच्या खेपेला धाकटे साहेबच ट्रे उचलून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेत होते. पट्टा बंद असल्यामुळे कुणीतरी ते करायला हवंच होतं, आणि दुसरं काही त्यांना येत नव्हतं. घामाघूम झाले होते, बाह्या वर सारलेल्या.

"साहेब, हा ट्रे कोटिंगला न्यायचा होता, पॅकिंगला नाही," एक पोरगी ओरडली.

"हो हो, आलो!" म्हणत साहेब ट्रे घेऊन उलटे फिरले आणि हॉलभर हशा पिकला. खिडकीपाशी उभी असलेली ताईसुद्धा त्यात सामील झाली. मग तिने आपली कॉफी संपवली, कप विसळून ठेवला आणि पुढच्या टेबलावर काय चाललंय ते बघायला गेली.